शांताबाईंचं मधलं नाव

नागपूरला जाऊन आले असं म्हटलं की पुण्यातले लोक दोनच प्रश्न विचारतात. ऊन फार होतं का, आणि बर्फी आणली का. ऊन नव्हतं, कारण जानेवारी होता. बर्फी आणली होती, ती संपली. यापलीकडे कोणी काही विचारत नाही, म्हणून न विचारलेलं सगळं इथे लिहिते आहे.

गेले ते भाचीमुळे. मृण्मयी माझ्या भावाची मुलगी. नागपूरशेजारी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक मोठं केंद्र उभं राहतंय, तिथे ती गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. केंद्राचं नाव ‘प्रादेशिक वैयक्तिक औषधोपचार व जैवउत्पादन नवोन्मेष केंद्र’. हे एका श्वासात म्हणता येतं का ते मी गाडीत दोनदा करून पाहिलं. उद्‌घाटनाला स्मरणिका निघणार होती आणि तीत सामान्य वाचकाला कळेल असा एक लेख हवा होता. मी आयुष्यभर एका प्रकाशनगृहात मुद्रितं तपासली. लेखक म्हणून मला कोणी ओळखत नाही, पण मोठे शब्द खोडण्याबद्दल माझी थोडी ख्याती आहे. मृण्मयी म्हणाली, “आत्या, इथे सगळ्यांना मोठे शब्द येतात. तू ये.”

हिंगणा

स्टेशनवर केंद्राची गाडी आली होती. चालकाचं नाव गजानन. त्याने सामान आत ठेवलं आणि मला न विचारता गाडी थेट पोह्यांच्या ठेल्यापाशी नेऊन उभी केली.

“पयले पोहे, मग हिंगणा,” तो म्हणाला.

आमच्याकडे पोह्यांवर खोबरं येतं, कोथिंबीर येते आणि माणूस ते शांतपणे खातो. इथे पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात. वर लाल तेल असतं आणि खाली काय आहे ते खाल्ल्यावरच कळतं. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गजानन माझ्या बशीकडे पाहत होता.

“कमीच टाकली त्यानं. तुमी पुन्याच्या दिसून राहिल्या ना.”

“तुम्ही किती तर्री घेता?”

“मी पोहे कमी घेतो.”

हिंगण्याला पोचलो तेव्हा पाळी सुटत होती. डबे अडकवलेल्या मोटारसायकली आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकाच फाटकातून बाहेर पडायला बघत होत्या. पत्र्याच्या शेड संपल्या की एकदम काचेची एक इमारत लागते. वसाहतीत तिला काचेची कंपनी म्हणतात. आत काय बनतं असं मी गजाननला विचारलं. “अजून काही बनलं नाही,” तो म्हणाला, “पन हात लय धुतात.”

दर्शनी दालनात काचेच्या पेटीत केंद्राची प्रतिकृती होती. पाच इमारती, एक कारंजं, बोटाएवढी झाडं आणि चालणारी चिमुकली माणसं. माणसं परदेशातून मागवली असावीत. सगळ्यांच्या हातात ब्रीफकेस होत्या आणि एकाच्याही डोक्यावर रुमाल नव्हता. खिडकीतून बाहेर पाहिलं. पाचांतली जी एक इमारत झाली होती तिच्यात मी उभी होते. उरलेल्या चारांच्या जागी बाभळी होत्या आणि बाभळींखाली म्हशी.

केंद्राचे संचालक हसतमुख गृहस्थ आहेत. त्यांनी मला पडद्यावर चित्रं दाखवली. विद्यापीठ, दवाखाने, कारखाने आणि नवे उद्योजक असे सगळे एकमेकांना बाणांनी जोडलेले होते. ‘इकोसिस्टम’ हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की शेवटी म्हशींकडे बघून मला तो पटला. नंतर त्यांनी भिंतीला टेकवलेल्या कोनशिलेवरचं कापड अलगद वर केलं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं आणि वरपासून खालपर्यंत नावं. मी सवयीने दोष शोधले. एकही नव्हता आणि मी तसं सांगितलं.

“चौथ्या नावाआधी ‘माननीय’ घालायचं राहून गेलंय,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “दगड परत पाठवावा लागणार.”

तेवढ्यात मृण्मयी आली आणि मला आत घेऊन गेली. जे चालू आहे ते चार खोल्यांत मावतं. त्या चारही खोल्या मला काचेतूनच पाहाव्या लागल्या, कारण आत जायचं तर कपडे तीनदा बदलावे लागतात. कपडे बदलायच्या खोलीत मुलींची लोखंडी कपाटं आहेत. एक उघडं होतं. आत आकड्याला मंगळसूत्र, त्याच्याखाली बांगड्या आणि दारावर चिकटवून ठेवलेली टिकली. त्या चार खोल्यांत काजळ, कुंकू, पावडर, दागिना काही चालत नाही, अंगावरून जे गळतं ते औषधात पडू शकतं. एखादीचं नवं लग्न झालं की मेंदी उतरेपर्यंत तिला बाहेरचं काम देतात.

“आणि औषध कसलं?” मी विचारलं.

मृण्मयीने सांगितलं ते असं. रक्ताचा एक प्रकारचा कर्करोग आहे, तो नेहमीच्या औषधांनी जातो आणि काहींच्या बाबतीत परत येतो. अशा रुग्णाच्या रक्तातून त्याच्याच काही पांढऱ्या पेशी काढायच्या. त्या इथे आणून त्यांच्यात असा बदल करायचा की त्यांना रोगाच्या पेशी ओळखता येतील. मग त्या वाढवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या आणि त्याच माणसाला परत द्यायच्या. हे उपचार मोठ्या शहरांत आता मिळतात. इथे ते इथल्या माणसांसाठी, परवडेल अशा रीतीने बनवायचे आहेत. नावातले सगळे मोठे शब्द मिळून एवढंच सांगत होते.

“गोळ्यांच्या कारखान्यात बॅच बिघडली तर फेकून देतात,” ती म्हणाली. “इथे बॅच म्हणजे एक माणूस आहे, आत्या.”

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. संचालकांच्या चित्रांमध्ये मला हे वाक्य कुठे दिसलं नव्हतं.

रंगीत तालीम

दुसऱ्या दिवशी मला रुग्ण केलं. पहिला खरा रुग्ण दोन दिवसांनी यायचा होता आणि त्याआधी शहरातल्या दवाखान्यात शेवटची तालीम होती. रुग्ण व्हायला कर्मचाऱ्यांपैकी कोणी तयार नव्हतं, कारण मृण्मयी चुका काढते. तिथल्या वंदना सिस्टर मला चादर देत म्हणाल्या, “तुमची भाची हेडमास्तरीण हाय. मी हसली तरी लिहून घेते.”

मी खाटेवर पडले. मनगटाला नंबराची पट्टी बांधली. एका तरुण डॉक्टरांनी अदबीने विचारलं, “तुम्ही वसुधा सुधीर गोखले ना?”

“हो,” मी म्हणाले.

“थांबा,” मृण्मयी म्हणाली. तालीम तिथेच थांबली.

चूक माझी नव्हती, डॉक्टरांची होती. नाव विचारायचं असतं, सांगायचं नसतं. आजारी, घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी तो ‘हो’ म्हणतो. नियम असा की रुग्णाने आपलं पूर्ण नाव आपल्याच तोंडाने, कोणीही न सुचवता सांगायचं. नातेवाइकांनी मधे बोलायचं नाही. नाव जुळलं नाही तर सुई टोचायची नाही.

मला हे जरा जास्त वाटलं. कोनशिलेवरच्या ‘माननीय’चा हा धाकटा भाऊ असावा असं मनात आलं आणि मी ते बोलून दाखवलं. “हातावर नंबर आहे. यंत्र तो वाचतं. मग बोलायला कशाला लावता?”

“यंत्र खोटं बोलत नाही,” मृण्मयी म्हणाली. “पण पट्टी माणूस बांधतो. चुकीच्या मनगटावर बांधली तर यंत्र ती चूक शेवटपर्यंत प्रामाणिकपणे सांभाळतं. एकीच्या पेशी दुसरीला गेल्या तर दुसरी वाचत नाही.”

“एवढा गोंधळ कसा होईल?”

तिने वंदना सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर हसल्या, आणि मृण्मयीने या वेळी लिहून घेतलं नाही. पहिल्या दोन्ही रुग्ण बाया होत्या. दोघींचं नाव शांता भोयर. एक पारशिवनीची, दुसरी कन्हानकडची, नात्यागोत्याचा संबंध नाही. दोघींची जन्मतारीख एक जानेवारी. इकडे जुन्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसते, म्हणून कार्ड काढताना सगळ्यांना एक जानेवारी देतात. मृण्मयी इथे नवीन आली तेव्हा तारखांचा तो रकाना पाहून तिला वाटलं होतं संगणक बिघडला. दोघींनी वय साठ सांगितलं म्हणून सालही एकच पडलं.

“मग वेगळं काय आहे दोघींत?”

“मधलं नाव. एकीचं पुंडलिक, दुसरीचं बळीराम.”

मी मुकाट्याने परत खाटेवर पडले आणि माझं नाव स्वतः सांगितलं.

पारशिवनी

पहिल्या शांताबाईंना आणायला वंदना सिस्टर जाणार होत्या. काय करणार आहोत हे घरी बसून समजावायचं आणि मग रुग्णाला घेऊन यायचं, अशी त्यांची पद्धत. मी बरोबर गेले. गाडी गजाननचीच होती, त्यामुळे आधी पोहे झाले. या वेळी मी पोहे कमी घेतले. त्याने काही म्हटलं नाही, पण त्याला ते आवडलं.

कन्हान नदी ओलांडताना पुलावर कोळशाच्या ट्रकांची रांग होती आणि खाली पात्रात पाणी थोडं, वाळू फार. पुढे गेल्यावर हवा बदलते. कालव्याच्या कडेने हरभरा उभा होता, धान कापून गेलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पिवळ्या पडल्या होत्या आणि लांबवर सागाची रेघ दिसत होती. तिथून पेंचचं जंगल सुरू होतं.

भोयरांचं घर पारशिवनीच्या कडेला आहे. दारात पुंडलिकराव उभे होते, उंच, वाकलेले आणि अतिशय कमी बोलणारे. “या न जी,” एवढं म्हणून ते चहा ठेवायला आत गेले. शांताबाई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. औषधांनी केस गेले होते म्हणून डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. देह वाळलेला, पण नजर तिखट. रोग एकदा जाऊन परत आला होता. मधली दोन औषधं लागू पडली नव्हती.

सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या. “हे पाहा शांताबाई, तुमच्याच रक्तातले शिपाई काढतो, त्यायले शाळेत घालतो आन्‌ वापस तुमाले देतो.”

“शिपाई माहेच. मग शाळेत काहून? पयले शिकले नव्हते का?”

“शिकले होते. पन हा रोग वेश पालटून येते. त्यायले तो घरचाच वाटते.”

“जावयावानी,” शांताबाई म्हणाल्या.

आतून शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. पुंडलिकरावांनी चहा आणून ठेवला आणि पुन्हा आत गेले. घरात स्वयंपाक तेच करत होते. बायको आजारी पडल्यापासून शिकले. त्यांनी पाटोडीचा रस्सा केला होता, म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडलेल्या. त्यावर हिरवागार सांबार, ज्याला आपण कोथिंबीर म्हणतो. सोबत भात आणि जवसाची चटणी. मी दोनदा रस्सा घेतला. पुण्यात आजारी माणसाच्या घरी आपण चहासुद्धा ‘नको, नको’ म्हणत घेतो. इथे नको म्हटलं तर वाढणारा खरंच दुखावतो, हे मी पहिल्या वेळी नको म्हणून शिकले.

जेवताना शांताबाईंनी माझी चौकशी केली. मुलं किती, सुना कशा. मग म्हणाल्या, “मालकाचं नाव काय जी तुमच्या?”

“सुधीर,” मी म्हणाले.

मग शेजारणींपैकी एक पदराआड हसली.

“कसं धाडकन घेतलं,” शांताबाई म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता, त्या चकित झाल्या होत्या. “पुन्यात असंच हाय का?”

“आमच्यात आता असंच आहे. हाकसुद्धा नावाने मारते.”

“आन्‌ ते येतात?”

“कधी कधी.”

यावर पुंडलिकराव पहिल्यांदा हसले. शांताबाई त्यांना दिवसभर ‘आयकलं का’ म्हणत होत्या, आमच्याशी बोलताना ‘हे’ आणि शेजारणींशी बोलताना ‘सुनीचे बाबा’. मला ते गमतीदार वाटलं आणि प्रवासात अशा गोष्टी जशा जमा होतात तशी तीही जमा झाली. आदल्या दिवशी मी खाटेवर पडून जो नियम ऐकला होता त्याच्याशी तिचा संबंध आहे, हे डोक्यात आलं नाही. सिस्टरांच्याही आलं नाही, आणि त्या तर इथल्याच.

परत निघताना शांताबाई गाडीत बसल्या आणि घराकडे एकदाही वळून पाहिलं नाही. पुंडलिकराव कुलूप लावून आले आणि पुढच्या सीटवर गजाननशेजारी बसले. कन्हानच्या पुलावर त्यांनी गजाननला एकच विचारलं. “हे जमंन का गा?”

“मी डायवर हाय, काका,” गजानन म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “पन हात लय धुतात.”

दवाखाना

तो दिवस सगळ्यांनी फार जपला होता. पेशी काढायच्या तर काही दिवस आधी औषधं बंद ठेवावी लागतात, आणि औषधं बंद असताना रोग बसून राहत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आज झालं नाही तर पुन्हा औषधं सुरू करावी लागतील, मग इतक्या पेशी मिळतीलच असं नाही. यंत्र लावून ठेवलं होतं. हिंगण्याच्या चार खोल्या पिशवीची वाट पाहत होत्या. मृण्मयी स्वतः आली होती. मी कोपऱ्यात स्टुलावर, गप्प बसायच्या अटीवर. पुंडलिकराव दाराबाहेर.

“मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा,” मृण्मयी म्हणाली.

“शांता.”

“पूर्ण नाव.”

“शांताबाई भोयर.”

“मधलं नाव?”

शांताबाईंनी पदर सारखा केला. भिंतीकडे पाहिलं. मग सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना आत्ता कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं, आणि पाटोडीचा रस्सा आठवला.

“ते बाहेर उभे हायेत न,” शांताबाई म्हणाल्या. “त्यायलेच इचारा त्यायचं नाव.”

“तुम्हीच सांगायला हवं, मावशी.”

“माह्या तोंडून नाई निघत. आजपर्यंत नाई घेतलं. नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते.”

डॉक्टर मृण्मयीजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, या त्याच आहेत. सिस्टर काल घरून घेऊन आल्या. मी वर्षभर तपासतोय. यंत्र सुरू करू?”

मी मृण्मयीकडे पाहिलं. समोरच्याच वॉर्डात दुसऱ्या शांता भोयर दाखल झाल्या होत्या, त्यांचा नंबर चार दिवसांनी होता. आज एकदा ‘आपल्याला माहीत आहे’ म्हणून सोडलं तर चार दिवसांनीही सोडणार, आणि पिशव्या परत येतील त्या दिवशी कोणती पिशवी कोणाची हे नुसत्या पट्टीच्या भरवशावर राहणार. आणि आज सोडलं नाही तर या बाईंच्या हातचा दिवस जाणार.

“पद्धत बदलायची तर समितीची बैठक लागते,” ती म्हणाली.

“कधी आहे बैठक?” डॉक्टरांनी विचारलं.

“पुढच्या आठवड्यात.”

बाहेरून पुंडलिकरावांना एवढं ऐकू आलं असावं. ते दारात येऊन उभे राहिले. “घे वं नाव. मी सांगून राहिलो.” सिस्टर धावत गेल्या आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, कारण पुंडलिकरावांनी स्वतःच नाव उच्चारलं असतं तर ते सुचवणं झालं असतं.

“तुमी सांगून काय होते,” शांताबाई म्हणाल्या. “माहा रोग जावा म्हून तुमचं आयुष्य कमी करू का मी?”

“माह्या आयुष्याचं मी पाहून घेतो.”

“कसं पाहता? आजलोक मीच पाहिलं.”

पुंडलिकराव दारातच थांबले. डॉक्टर घड्याळाकडे पाहायचं टाळत होते. मृण्मयीने फायलीतलं ते पान काढलं आणि पुन्हा वाचायला लागली, परीक्षेत न येणारा प्रश्न परत वाचतात तसं. मग तिने मान वर केली.

“मावशी, उखाण्यात घ्याल?”

शांताबाईंचा चेहरा बदलला. “उखान्यात चालते. उखान्यात तो मान असते, त्यानं काही होत नाही.” मग लगेच संशय. “पन असा कोनी दवाखान्यात उखाना घेते का? ना लगीन, ना डोहाळे.”

“घ्या. मी विचारते आहे.”

“मग पयले तू घे. तुह्यं लगीन झालं न?”

इथे सांगायला हवं की मृण्मयीने रजिस्टर लग्न केलं आणि संध्याकाळच्या जेवणात सासूबाईंनी हौसेने नाव घ्यायला सांगितलं तेव्हा ‘हे असलं मी करत नाही’ म्हणाली होती. मी त्या पंगतीत होते. जिलबी कडू झाली होती. आता ती डोक्यावर निळी टोपी, नाकावर मुखपट्टी आणि हातात फाईल घेऊन उभी होती आणि डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ सगळे तिच्याकडे पाहत होते.

“काचेच्या खोलीत धूळ नाही कणभर,” ती म्हणाली आणि थांबली. “निखिलचं नाव घेते, मावशी, आता ऐका क्षणभर.”

कोणी हसलं नाही. शांताबाईंनी मान डोलावली. “सासूनं काही शिकवलं नाही तुले,” त्या म्हणाल्या. “पन बरा हाय. तुहाच हाय.”

मग त्या खाटेवर नीट बसल्या, डोक्यावरच्या फडक्यावरून पदर घेतला, दाराकडे पाठ केली आणि घसा साफ करून म्हणाल्या,

“पेंचच्या पान्यावर धानाची रोवनी,
पुंडलिकरावांचं नाव घेते, भोयरांची सून, गाव माहं पारशिवनी.”

दारातून पुंडलिकराव निघून गेले. मागून मला कळलं की ते जिन्यात जाऊन बसले होते.

“नाव जुळलं,” मृण्मयी म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं की हे पद्धतीत बसतं ना. तिने पान त्यांच्यापुढे धरलं. “स्वतःच्या तोंडाने, कोणीही न सुचवता. गद्यात सांगावं असं कुठे लिहिलंय?”

सुई टोचली गेली. एका हातातून रक्त यंत्रात जात होतं आणि दुसऱ्या हातातून परत येत होतं. वर टांगलेल्या पिशवीत पातळ लालसर काहीतरी हळूहळू साठत गेलं. शांताबाई थोडा वेळ ते पाहत होत्या. “एवढुसे शिपाई,” म्हणाल्या आणि झोपल्या.

पिशवी थंड पेटीत घालून गजाननच्या गाडीने हिंगण्याला गेली. मीही त्याच गाडीत होते. त्या दिवशी पोह्यांच्या ठेल्यावरून गाडी गेली आणि त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. केंद्राच्या फाटकात टेम्पो उभा होता आणि चौघे मिळून कोनशिला त्यात चढवत होते. ‘माननीय’ कोरून आणायला दगड निघाला होता. संचालक स्वतः देखरेख करत होते. त्यांनी हात केला आणि टेम्पो बाजूला घेतला. पेटी आत गेली.

पुन्हा पुणे

मी लेख लिहून पाठवला. त्यात इकोसिस्टम नव्हती म्हणून तो एकदा परत आला, मग तसाच घेतला. स्मरणिका अजून छापायची आहे, कारण उद्‌घाटन पुढे गेलं. पाहुण्यांची तारीख मिळत नाही. पेशी मात्र ठरल्याप्रमाणे वाढल्या.

पिशवी परत आली त्या दिवसाचं मृण्मयीने फोनवर सांगितलं. द्यायच्या आधी पुन्हा नाव विचारायचं असतं. तिने विचारलं. शांताबाईंनी जुना उखाणा घ्यायला साफ नकार दिला. एकदा घेतलेला परत घेणं म्हणजे शिळं वाढणं, असं त्यांचं मत. त्यांनी नवा तयार ठेवला होता, पण आधी मृण्मयीने घ्यायचा ही अट कायम. मृण्मयीकडेही तयार होता. हे सांगताना ती जरा अडखळली. सासूबाईंना फोन करून विचारून घेतला होता, असं मी बरंच खोदल्यावर कळलं. दुसऱ्या शांताबाईंची अशी काही अडचण आली नाही. मधलं नाव विचारताच त्या म्हणाल्या, “बळीराम. आन्‌ कुठं उलथला कोन जाने, सकाळपासून चहा पाजला नाई.” तेही नियमात बसलं.

पेशी आत गेल्यावर शांताबाईंना ताप भरला. ताप यावा अशी डॉक्टरांची अपेक्षाच होती. तो वाढला, दोन रात्री कोणी नीट झोपलं नाही, मग उतरला. पहिल्या तपासणीत रोग दिसला नाही. पुढे काय ते पुढच्या तपासण्या सांगतील. मृण्मयी यापेक्षा एक शब्दही जास्त बोलत नाही आणि मीही लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र मी स्वतःच पारशिवनीला फोन लावला. पुंडलिकरावांनी उचलला. शांताबाई बाहेर हरभरा निवडत बसल्या होत्या. कशा आहेत, मी विचारलं.

“बऱ्या हायेत जी. पुढच्या तपासनीसाठी उखाने जुळवून राहिल्या. कामाला बसल्या का मोठ्यानं म्हनून पाहतात.”

“मग तुमचं नाव दिवसातून बऱ्याचदा घेतलं जात असेल.”

“हो न जी,” पुंडलिकराव म्हणाले. मागून सुपात हरभरा पाखडल्याचा आवाज येत होता. “लय वाढून राहिलं असंन माहं आयुष्य.”